कोंबडीचं वकीलपत्र

(रंगमंचाच्या मधोमध एक डालं पालथं. त्यावर वजनाला वरवंटा. वक्ता काळा कोट चढवत येतो. डाल्याखालून आवाज: कॉक्-कॉक्-कॉक्-कॉऽऽक्! तो हात जोडून उभा राहतो, आवाज संपू देतो.)

ऐकलंत? काय म्हणाली? (वाट पाहतो.) कुणालाच कळलं नाही. म्हणजे ज्यांना भाषा येत नाही त्यांनीच फिर्याद ठोकली आहे की आरोपी फार बोलते. मंडळी, परसातली कोंबडी अचानक दंगा करायला लागली की आळीभर एकच निदान होतं: "डोकं फिरलंय तिचं." माझं म्हणणं साधं आहे. कोंबडी कारणाशिवाय गळा काढत नाही. ते कारण शोधायला खुराड्यापर्यंत चालत जावं लागतं, आणि आपण शिव्या घालतो त्या खिडकीतून.

आरोप पहिला, अंडं घातल्यावरचा तमाशा. सरकारी वकील विचारतात, एका अंड्यासाठी एवढं? एका अंड्यासाठी! दीड किलोची कोंबडी, पन्नास ग्रॅमचं अंडं. हिशेब करा. साठ किलोच्या माणसाने एका बैठकीत दोन किलोची वस्तू जगासमोर ठेवायची, तीही टणक कवचात बांधून. नुसत्या कवचालाच वीसेक तास लागतात. आपल्याकडे गटाराचं एक झाकण बसवलं तरी चौकात फोटोसकट फलक लागतो. हिने चार मिनिटं कोकलायचंही नाही? आणि हे कोकलणं हिचं एकटीचं नाही, वडिलोपार्जित आहे. हिचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा. त्या जंगलात मादी कळपापासून दूर, झुडपाच्या आड अंडं घालते आणि मग ओरडते. का ओरडते, यावर अभ्यासकांत दोन मतं. एक म्हणतं, कळपाला हाक मारते: "मी इकडे आहे, न्यायला या." दुसरं म्हणतं, घरट्यापासून लांब येऊन शत्रूचं लक्ष स्वतःकडे ओढते. दोन्ही मतांत एक गोष्ट नक्की. शेजारच्या काकांची दुपारची झोप हा तिचा विषयच नाही. "पण अंडं घातलं एकीने आणि ओरडतात चौघी, त्याचं काय?" सोसायटीच्या ग्रुपवर एकाने 'अभिनंदन' टाकलं की पुढे काय होतं ते आठवा, आणि हरकत मागे घ्या.

(डाल्याखालून लांब, रडका सूर: काऽऽक्… कॉक्-कॉक्.)

हा वेगळा. हा अंड्यानंतरचा नाही, आधीचा. इथे मात्र काका, तुम्ही जिंकलात, कारण ही तक्रारच आहे. फक्त तुमच्याविरुद्धची. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००० साली या रडगाण्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याचं शास्त्रीय लेखनातलं नाव 'गाकेल'. कोंबडीला दाणा हवा असताना मिळू दिला नाही, पाणी अडवलं, धुळीत लोळायला मज्जाव केला, घरटं बंद ठेवलं, की हे सूर वाढतात. आता आपलं परस बघा. सगळीकडे फरशी. धूळ कुठे? कोंबडीला धूळ म्हणजे आंघोळ, तिच्यावाचून पिसवा जात नाहीत. सहा कोंबड्या, अंड्याची टोपली एकच, आणि तिच्यात एक बाई सकाळपासून ठाण मांडून. बाहेर दुसरी येरझाऱ्या घालते, ओरडते. तुम्ही म्हणाल, आमच्या कोपऱ्यात दुसरी टोपली रिकामी आहे की! असेल. लोकलमध्येही सीट रिकामी असते, पण माणूस खिडकीपाशीच घुटमळतो. चार-पाच जणींमागे एक टोपली, आत भाताचा पेंढा, थोडा अंधार, बाजूला राख-मातीचा एक खड्डा. खर्च जवळजवळ शून्य. पोलिसांत अर्ज करायला झेरॉक्सचे पैसे याहून जास्त पडतात.

"पण तिला कसली आलीय अक्कल? मेंदू तो केवढा!" हा आक्षेप मी मुद्दाम राखून ठेवला होता. आकाशात घार दिसली तर कोंबड्याची हाक बारीक, लांबलचक. जमिनीवर मुंगूस-मांजर दिसलं तर तुटक, ठसक्याची. १९९३ साली अमेरिकेत क्रिस्टोफर एव्हान्स, लिंडा एव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी या हाकांची नुसती ध्वनिमुद्रणं कोंबड्यांना ऐकवली. समोर घार नाही, मुंगूस नाही. तरी पहिली हाक ऐकून कोंबडी आडोशाला पळाली, अंग चोरून वर बघायला लागली. दुसरी ऐकून मान ताठ करून चौफेर बघत राहिली. आवाजावरून संकट वरून येतंय की खालून, हे तिला कळतं. आपल्याला अजून भोंग्यावरून रुग्णवाहिका की अग्निशमन, हे सांगता येत नाही.

कायद्याचंही बोलून घेऊ. ध्वनिप्रदूषण नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. जवळ उभं राहिलं तर आरोपी ५५ ओलांडते, कबूल. पण रात्र मोजतात दहा ते सहा, आणि माझं अशील दिवेलागणीलाच झोपतं. गणपतीत 'मी रात्री आवाज करत नाही' असं छातीवर हात ठेवून म्हणणारा एक माणूस उभा करा. म्हणून रात्री खुराड्यातून आवाज आला तर उशी कानावर ओढू नका, बॅटरी घ्या. उदमांजर असेल, साप असेल, घूस असेल.

राहिल्या दोघी. पहिली खुडूक. अंड्यांवर बसून गुरगुरते, पिसं फुलवते, हात लावला की टोचते. तिला पाण्यात बुचकळणं, नाकात पीस खुपसणं हे इलाज नव्हेत, सूड आहे. एकतर अंडी ठेवून रवणीला बसवा, एकवीस दिवसांत पिल्लं. नाहीतर दोन-चार दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन, पोटाला खालून वारा लागेल असं ठेवा. दुसरी, आरवणारी. लगेच अपशकुन! अहो, कोंबडीचं डावं अंडाशयच तेवढं चालतं. ते बिघडलं की नराची संप्रेरकं वरचढ होतात, तुरा वाढतो आणि बाई आरवते. बाझल शहरात १४७४ साली उलटा प्रकार झाला. कोंबड्याने अंडं घातलं म्हणून त्याच्यावर रीतसर खटला चालवून त्याला जाळलं. तो खरोखर कोण होता, हे कुणी तपासलं नाही. मात्र घरघर, शिंका, मान वाकडी होणं, हा आवाज नव्हे, आजार आहे. मानमोडीची लस वेळेवर द्या आणि डॉक्टरांना बोलवा. तिथे वकील उपयोगाचा नाही.

(घसा खाकरतो.) शेवटचा युक्तिवाद तुमच्या ओठांवर आहे, दिसतोय मला. "कापा आणि रस्सा करा." गावठी कोंबडीच्या रश्श्यापुढे बचाव करताना वकिलाच्याही तोंडाला पाणी सुटतं, हे मी शपथेवर सांगतो. पण साप रश्श्यात जात नाही, खुराड्यामागेच राहतो. टोपली एकच राहते, फरशी तशीच राहते. बाजारातून नवी तलंग आणाल, आणि ती आठवड्याभरात हाच सूर लावील.

(डालं उचलतो. कोंबडी विंगेत पळते. खाली एक अंडं. तो ते जपून खिशात ठेवतो.)

पुढचं साधारण पंचवीस तासांनी. म्हणजे उद्या ही आजच्यापेक्षा तासभर उशिरा ओरडेल. काकांना तेवढं सांगून ठेवा.

(अंधार. विंगेतून: कॉक्-कॉक्-कॉक्-कॉऽऽक्!)