वाटेला राखणदार हवा

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत सायकलसाठी राखून ठेवलेल्या खडीच्या वाटांचं कौतुक करणारे आपल्याकडे आता चिक्कार झाले आहेत. मोटार नाही, भोंगा नाही, चाकाखाली बारीक खडीची करकर आणि बाजूला द्राक्षमळे! हे वर्णन ऐकून बऱ्हाणपूरच्या माणसाला एकच प्रश्न पडावा : डांबर न पडलेला रस्ता बघायला इतकं लांब कशाला जायचं? केळीच्या बागांमधून आणि कपाशीच्या वावरांमधून जाणाऱ्या गाडवाटा तापीकाठी हव्या तेवढ्या आहेत. त्यांत मुरूम आहे, खडी आहे, खड्डे तर वर फुकट. कच्चा माल पाहिला तर आपण फ्रान्सला हार जाणार नाही. फरक दुसरीकडे आहे. मोकळी वाट ही बांधायची वस्तू नसून राखायची वस्तू आहे, आणि फ्रान्सनं वाटेपेक्षा राखणदाराचा विचार जास्त केला आहे, एवढंच मला इथं मांडायचं आहे.

पहिल्यांदा हे मान्य करू, की या वाटा फ्रान्सनं सायकलवाल्यांच्या प्रेमापोटी काढल्या नाहीत. त्यातल्या पुष्कळशा त्याच्या अंगावर पडल्या. 1879 मध्ये शार्ल द फ्रेसिने या बांधकाममंत्र्यानं आडगावांतही रेल्वे नेण्याचा बेत मंजूर करून घेतला. ज्या गावात प्रवासी नव्हते तिथं मतदार होते, तेव्हा फाटा तिकडेही गेला. पुढे मोटारी आल्या, फाटे तोट्यात गेले, रूळ उखडले आणि मागे उरली एक लांबलचक सपाट पट्टी. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून इंजिनिअरांनी डोंगर कापले, बोगदे खणले, पूल बांधले. त्या सगळ्या खटाटोपाचं फळ आज पोट सुटलेला सायकलस्वार खातो. बर्गंडीतली जिव्री ते क्लुनी ही 44 किलोमीटरची वाट 1997 मध्ये अशाच मेलेल्या लाइनीवर झाली, पण तिच्यावर डांबर आहे. खडीचा अस्सल नमुना हवा तर दक्षिणेत माझामे ते बेदारियू या पाऊणशे किलोमीटरच्या वाटेवर जावं, किंवा 1681 मध्ये पुऱ्या झालेल्या द्यू मिदी कालव्याच्या काठानं, जिथून पूर्वी घोडे नावा ओढत चालत. खरी मेख मात्र 2004 च्या वाहतूक नियमांत आहे. अशा वाटांची व्याख्याच तिथं करून टाकली : पायी चालणारे, घोडेस्वार आणि बिनइंजिनाची वाहनं, बाकीच्यांना मज्जाव. राखणदार नेमला गेला तो त्या दिवशी.

यावर जुन्या काळाची आठवण काढणारे म्हणतील, की राखणदार कशाला, पूर्वी रस्ते आपोआपच मोकळे असत. हा समज मोडायला एक फ्रेंच माणूसच साक्षीला आहे. ताव्हेर्निए हा रत्नांचा व्यापारी 1641 मध्ये आग्र्याहून सुरतेला परतताना बऱ्हाणपुरातून गेला आणि पुढे पुन्हा एकदा आला. इथल्या तलम कापडाचं, ते इराण-तुर्कस्तानापर्यंत कसं जातं याचं त्यानं वर्णन केलं आहे. पण हिंदुस्थानातल्या रस्त्यांबद्दल तो काय लिहितो? दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे समोरून आले आणि वाट अरुंद असली, तर ते पुढे जाईपर्यंत दोन-तीन दिवस ताटकळावं लागतं. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलेल्यानं हे वाचून मन शांत करावं. आपली खोळंब्याची परंपरा पावणेचारशे वर्षांची आहे. रस्ता उपयोगाचा असला की तो भरतो, मग त्यावर बैल असोत की बारा चाकांचे ट्रक. बऱ्हाणपुरात शतकानुशतकं वाहतुकीपासून मुक्त राहिलेला मार्ग म्हणाल तर तो कुंडी भंडाऱ्याचा. 1615 मध्ये तबकुतुल अर्ज या इराणी जाणकारानं आखलेल्या त्या भुयारातून सातपुड्याचं पाणी उताराच्या जोरावर चालत येतं. त्याला कुणी ओव्हरटेक करत नाही, कारण ते जमिनीखालून येतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : फ्रान्सकडे मेलेल्या लाइनी आहेत, आपल्याकडे कुठे आहेत? आहे, आणि अंगणातच आहे. अकोला-खंडवा मीटरगेज बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या तुकईथडवरून जात असे. पलीकडे मेळघाटात, धूळघाटापाशी चढ काढण्यासाठी ती गोल वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांना ओलांडत होती; फ्रान्समध्ये असती तर एव्हाना तिथं सायकलस्वारांसाठी कॉफीचं दुकान निघालं असतं. मोठी लाइन टाकायची वेळ आली तेव्हा ती व्याघ्र प्रकल्पातून नको, असं वन्यजीवप्रेमींनी लावून धरलं, 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनंही रेल्वेला तसंच कळवलं आणि मार्ग जंगलाबाहेरून वळवायचं ठरलं. म्हणजे सपाट, हलक्या चढाची, मोटार न पोचणारी पट्टी तयार. अडचण एकच : ती वाघाची आहे, आणि वाघाला घंटी वाजवून बाजूला व्हायला सांगता येत नाही. ती त्याचीच राहावी, हेच योग्य. पण यातून माझा मुद्दा ढिला पडत नाही, उलट घट्ट होतो. जी एक वाट आपण खरोखर मोकळी सोडली, तिला राखणदार होता, आणि तो लाच घेत नाही.

मग केळीच्या बागांमधल्या गाडवाटांना राखणदार कुठला? तो कागदावर केव्हाच नेमलेला आहे. मध्य प्रदेशाच्या 1959 च्या भू-राजस्व संहितेत वहिवाटीच्या रस्त्यांसाठी कलम 131 आहे आणि गावोगावच्या रूढ हक्कांची नोंद करणारा वाजिब-उल-अर्ज आहे. फ्रेंचांच्या आधी पंचेचाळीस वर्षं आपण ही सोय केली आणि मग ती तहसील कचेरीत नीट बांधून ठेवली. प्रत्यक्षात गाडवाटेला दोनच मरणं येतात. एक, दोन्ही बाजूंचे शेतकरी दर पेरणीला वीतभर आत सरकतात आणि शेवटी वाटेचा बांध होतो. दुसरं, तिच्यावर डांबर पडतं. मग ट्रकवाल्यांना आडरस्ता सापडतो आणि जे खड्डे पैसे खर्चून बुजवले, त्यांच्या जागी पैसे खर्चून गतिरोधक उभे राहतात. म्हणून गावाला पक्का रस्ता नको, असं नाही. रुग्णवाहिका मुरमात रुतवून कुणाची सहल साजरी करायची नसते. पण गावाला एक पक्का रस्ता झाल्यावर शेजारची गाडवाट गाडवाटच राहू द्यावी. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला तिथं मनाई नको. फ्रान्समध्येही अशा शेतवाटांवर शेतकऱ्याला मुभा असते. अडवायचं ते आरपार जाणाऱ्या गर्दीला. फटफटीचा प्रश्न मात्र अवघड आहे. दोन खांब रोवून मध्ये सायकलपुरती फट ठेवावी, तर जिथून सायकल जाते तिथून फटफटी जाते, आणि फटफटी गेली की तिच्यावरचे तिघं आणि केळीचा घडही जातो.

शेवटचा आक्षेप असा, की इथं सायकल चालवणार कोण? उन्हाळ्यात ऊन माणसाला भाजून काढतं, पावसाळ्यात काळी माती चाकाला बिलगून त्याचं जातं करते. शिवाय खडीवरच्या सायकली फटफटीच्या किमतीत मिळतात, आणि तेवढे पैसे असलेला माणूस फटफटीच घेतो. हे सगळं खरं आहे, पण त्यात सहल करणाराच गृहीत धरला आहे. मध्य प्रदेश सरकार दुसऱ्या गावच्या सरकारी शाळेत जावं लागणाऱ्या सहावी-नववीच्या मुलामुलींना मोफत सायकल देतं. ती पोरं ऊन असो, चिखल असो, जातातच, आणि जिथं दुसरा मार्ग नाही तिथं ट्रकांच्या कडेकडेनं जातात. खडीच्या मोकळ्या वाटेचे हक्काचे गिऱ्हाईक ते आहेत. सध्याची वाटणी अशी : सायकल सरकारची, वाट कागदाची आणि जीव पोरांचा. यातली फक्त मधली बाब बदलायची आहे. त्यासाठी फ्रान्सला जावं लागत नाही, तहसील कचेरीपर्यंत गेलं तरी पुरे. फक्त तिथं सायकलनं जाऊ नये; रस्त्यात ट्रक फार.