जिनिंगवरचे अप्पा

कापसाच्या धंद्यातल्या प्रत्येक कंपनीत एक अप्पा असतातच. आमचे पहूरचे. कंपनीचं मुख्य ऑफिस मुंबईत, सूतगिरणी कोइमतूरला आणि अप्पा जामनेर तालुक्यात, जिनिंगच्या पत्र्याखाली, कानाला फोन लावून.

मुंबईला हवे असतात आकडे. गाठ 170 किलोची, भाव 356 किलोंच्या खंडीवर आणि भांडण कायम ओलाव्यावरून. आठ टक्के उत्तम, बाराच्या वर गेला की बोंब. अप्पा ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालतात, मूठभर कापूस दाबतात, सोडतात आणि म्हणतात, "अकरा." मग यंत्र लावायचं, ते यंत्राचा मान राखायला.

एकदा गाडी निघून गेल्यावर अप्पांना कळलं की काही गाठी हलक्या गेल्या. त्यांनी थेट कोइमतूरला फोन लावला. "साहब, माल में थोडा गडबड है. गाडी निकल गया, पन आप फिकर मत करो, मैं है ना!" मुंबई भडकली : सांगायला कुणी सांगितलं होतं? तेव्हापासून कोइमतूरवाले मुंबईचा मेल नंतर वाचतात, आधी अप्पांना विचारतात.

मुंबईने मग परस्परविश्वास वाढवायला व्हिडिओ मीटिंग ठेवली. प्रत्येकाने स्वतःबद्दल दोन वाक्यं सांगायची. अप्पांच्या चौकोनात अर्धं कपाळ आणि पूर्ण पंखा. त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "माझं राहू द्या हो. मॅडम, पोराची दहावी ना यंदा?" पुढची वीस मिनिटं मीटिंग दहावीवर चालली. विश्वासाचा तक्ता कोराच राहिला.

हिवाळ्यात भरिताची वांगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून मुंबईच्या अकाउंट्सला पोहोचतात. याला लाच म्हणावं, तर ती बिल निघाल्यावर जातात.

दोष आहेतच. अप्पा काही लिहून ठेवत नाहीत. गाडी कधी निघेल विचारलं, तर "निंघीच राहिली," एवढंच. उशिराबद्दल कुणी बोललंच, तर 2020मध्ये थांबलेल्या पाचोरा-जामनेर पीजे रेल्वेचा दाखला देतात : "ती बी रमतगमत यायची, पण यायची ना भो?"

अप्पांचं निवृत्तीचं वय केव्हाच उलटलंय. मुंबईने त्यांच्या जागी नवीन सॉफ्टवेअर आणायचं ठरवलं होतं. मुदतवाढीच्या कागदावर यंदा पहिली सही कोइमतूरची आहे, दुसरी अकाउंट्सच्या मॅडमची.