बेतकाका

बेतकाकांना स्वयंपाक येत नाही. चहा करायचा झाला तरी साखरेचा डबा कुठला, हे काकूंना विचारावं लागतं. पण घरी चाळीस पानांचा बेत आहे म्हटलं की या माणसाच्या अंगात येतं. एरवी गुडघ्यांच्या नावाखाली मुलाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी न जाणारे काका अशा वेळी मार्केट यार्डापासून कसब्यापर्यंत सगळं पुणं पायाखाली घालतात.

हा प्राणी पुण्यात मुबलक आढळतो. बहुधा बँकेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त झालेला, मूळचा पेठेतला आणि वाडा पाडल्यावर कोथरूडला सरकलेला. वाड्याबरोबर पंगती बसायची ओसरी गेली, दोन मोठी पितळी पातेली तेवढी माळ्यावर उरली. त्या पातेल्यांना वर्षातून एकदा तरी विस्तव दिसावा, एवढ्यासाठी काका निमित्त शोधत असतात. कुणाची पंचाहत्तरी, कुणाच्या नातवाचं बारसं, कुणी न्यू जर्सीहून आलेलं. काहीच नसेल तर ‘बऱ्याच दिवसांत सगळे भेटलो नाही’ हे आहेच.

सुरुवात ठरलेली. "हल्ली हॉलवरचं खाऊन खाऊन वीट आला. घरीच करू. अगदी साधं. मुगाची खिचडी, कढी, पापड. संपलं!"

हे ‘संपलं’ ऐकलं की काकू शांतपणे उठतात आणि बेसनाचा डबा हलवून बघतात.

संध्याकाळी धाकट्या आत्याचा फोन येतो. "दादा, इतक्या वर्षांनी सगळे जमणार आणि खिचडी? कुणाला ताप आलाय का?" काका पाच मिनिटं खिचडीची बाजू लढवतात आणि मग मसालेभातावर तडजोड होते, तोही तसा साधाच. आता मसालेभात म्हटल्यावर मठ्ठा आला. मठ्ठ्याबरोबर खरी जिलबी, पण जिलबी घरी कोण घालणार, म्हणून श्रीखंड. श्रीखंड काय नुसतं चाटायचं? मग पुऱ्या. पुऱ्यांना बटाट्याची भाजी, एक पातळ भाजी हवी म्हणून अळू, आणि पानाची डावी बाजू भुंडी दिसू नये म्हणून चटणी, कोशिंबीर, लोणचं आणि ‘नुसती नावाला’ भजी. पहिला वरणभात हे तर कुणी लिहायचंसुद्धा नसतं. तिसऱ्या दिवशी वहीत लग्नाचं पान वाढलेलं असतं. वर ठळक अक्षरात मथळा तोच: साधा बेत. खिचडी कुणी खोडलेली नसते. ती लहान मुलांसाठी म्हणून राहते.

तेवढ्यात काकू कालनिर्णय बघून सांगतात, "अहो, त्या दिवशी संकष्टी आहे."

काका दचकत नाहीत. वहीत खिचडीच्या खाली दुसरी खिचडी लिहितात, साबुदाण्याची.

ही वही म्हणजे आयुर्विम्याची एक जुनी डायरी. तिच्यात काकांची माणशी मापं आहेत. तांदूळ पंचाहत्तर ग्रॅम, श्रीखंड शंभर ग्रॅम, पुऱ्या पाच, तूरडाळ किलोत तीस पानं. इथवर कुणीही लिहील. काकांची खरी विद्वत्ता ‘माणूस’ मोजण्यात आहे. आठ वर्षांखालचं मूल अर्धं. कॉलेजात जाणारा मुलगा पावणेदोन. जावई सव्वा, पण पहिल्या वर्षी लाजतो म्हणून पाऊण. मधुमेह असलेला माणूस श्रीखंडापुरता शून्य धरायचा असतो. काका अनुभवाने दीड धरतात. शिवाय दर वर्षीच्या पानाखाली लाल शाईत शेरा असतो: ‘मसालेभात कमी पडला.’ पुढच्या वर्षीच्या पानाखाली: ‘मसालेभात उरला. बुधवारपर्यंत खाल्ला.’

हे सगळं पुण्याच्या पाण्यातच असावं. सवाई माधवरावांच्या 1783 सालच्या लग्नात नाना फडणविसांनी पंगतीच्या व्यवस्थेची बारीकसारीक याद काढली होती, असं सांगताना काकांचा सूर एखाद्या सहकाऱ्याबद्दल बोलावं तसा असतो. कमलाबाई ओगल्यांबद्दल मात्र त्यांची थोडी तक्रार आहे. 1970 साली ‘रुचिरा’ आली आणि वाटी-चमच्याच्या मापावर कित्येक नव्या सुना तरून गेल्या, हे त्यांना मान्य आहे. पण पुस्तकातलं प्रमाण चार माणसांचं असेल तर चाळिसांसाठी सरळ दहापट करायला काय हरकत आहे, असा त्यांचा सवाल. एकदा काकूंनी उत्तर दिलं होतं. मीठ-तिखट पटीत वाढत नाही आणि पाणी तर मुळीच नाही. मोठ्या पातेल्यातून त्या मानाने वाफ कमी जाते. दहापट पाणी ओतलंत तर मसालेभाताची पेज होईल, आणि त्यात इंद्रायणी घातलात तर खळ. मसालेभाताला मोकळा होणारा कोलमच हवा. काकांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि खाली ‘स्वानुभव’ असं लिहिलं.

अळू आणायला काका मंडईतच जातात. घराखालच्या भाजीवाल्याकडे अळू असतं, पण चाळीस पानांचं अळू 1886 सालच्या त्या अष्टकोनी दगडी इमारतीच्या सावलीतूनच यायला हवं, अशी श्रद्धा. तिथे जुडी उचलायची, देठ उजेडात धरायचा, काळपट असला तर "हे वडीचं, भाजीचं द्या" म्हणायचं, पुढे "खाजरं नाही ना?" विचारायचं आणि उत्तरावर विश्वास न ठेवता पुढच्या गाळ्यावर जायचं. तिसऱ्या गाळ्यावरच्या मावशी वैतागून म्हणाल्या, "काका, घ्यायचंय का नुसतं हात लावायचाय?" काकांनी घेतलं. खाज चिंचेनं मारायची असते आणि चिंच घालणं हे काकूंचं खातं, म्हणून काका तिथे निर्धास्त.

पातेल्यांना कल्हई नसेल तर चिंचेचं अळू आणि ताक दोन्ही कळकतात. म्हणून तांबट आळीत एक फेरी होते. मग चक्का. चितळ्यांनी दुपारी एक ते चारची विश्रांती काही वर्षांपूर्वीच सोडली, काकांच्या वेळापत्रकात मात्र ती अजून पाळली जाते. भर दुपारी ते दुकानाकडे फिरकतच नाहीत. आपल्यामुळे कुणाची झोप मोडायला नको.

पोळ्यांवरून घरात दर वर्षी तात्त्विक वाद होतो. पोळी-भाजी केंद्रातून शंभर घडीच्या पोळ्या आणल्या तर जेवण घरचं म्हणायचं का? सूनबाई म्हणते, "बाबा, त्याही कुणाच्या तरी घरच्याच आहेत." काकांना हे पटतं, कारण पुऱ्या घरी होणारच असतात. पोळ्या कशाला, हे मग कुणी विचारत नाही.

आता वहीतलं मागचं पान. तिथे ‘कोणी काय आणायचं’ याची यादी असते आणि माझ्या मते काकांची सगळी अक्कल तिथे आहे. वाड्याच्या विकसनातल्या एका खोलीवरून बेतकाकांचे थोरले आणि धाकटे भाऊ गेली काही वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. यादीत थोरल्यांच्या नावापुढे लिहिलेलं असतं: पाच नारळ, फोडून. धाकट्यांच्या नावापुढे: खवणीची मोठी विळी. दोघांनी अकराच्या आत यायचं. मी एकदा म्हटलं, "काका, खवलेला नारळ पाकिटात मिळतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढच्या कामाला लागलो. साडेअकराला बाल्कनीत एक जण वाट्या हातात देत होता आणि दुसरा खवत होता. बोलणं फार नाही. "पाठ खवू नकोस, काळं येतं," एवढंच. पण गेल्या दिवाळीपेक्षा पाच शब्द जास्त.

काकांचे फोनही तसेच. कोशिंबीर काकडीची की गाजराची हे विचारायला काका सांगलीच्या चुलतबहिणीला फोन लावतात. त्यात काकडी अर्धा मिनिट, बाकी वीस मिनिटं तिचा डोळा, तिच्या मुलाची नोकरी आणि भाऊबिजेला का आली नाहीस. ग्रुपवर सूनबाईने एका सेकंदात मत घेतलं असतं. काका ग्रुपवर फक्त शेवटचा हुकूम टाकतात: ‘पहिली पंगत 12.10. उशिरा येणाऱ्यास दुसरी.’

प्रत्यक्ष दिवशी पहिली पंगत सव्वा वाजता बसते. साताऱ्याकडून येणारी मंडळी कात्रजच्या अलीकडे अडकतात आणि उरलेली गाडी लावायला जागा शोधत दोन सोसायट्या फिरतात. स्वयंपाकघरात त्या वेळी काकू, दोन जावा आणि सूनबाई कपाळावरचा घाम मनगटाने पुसत पुऱ्या तळत असतात. वहीकडे कुणी ढुंकून बघत नाही. काकू तांदूळ ओंजळीने मोजतात आणि तो पुरतो. काका हातात श्रीखंडाचं भांडं घेऊन पंगतीतून फिरतात. पुणेकर असूनही आग्रह करतात आणि मधुमेहवाल्यांच्या पानात न विचारता दीड माप वाढतात. हिशेब चुकू नये म्हणून.

संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी अर्धं पातेलं उरलेली असते. उपवासवाल्यांनी श्रीखंड, बटाट्याची भाजी आणि ‘एवढ्यानं काही होत नाही’ म्हणून भजी खाल्लेली असतात. काका लाल पेन घेऊन बसतात. काकू पाय लांब करून म्हणतात, "पुढच्या वर्षी हॉल घ्या."

"हॉल कशाला? साधंच करू ना."

तुमच्या घरीही असा कोणी असेल. त्याच्या वहीला खुशाल हसा, पण काकूंना आदल्या दिवशीपासून दोन हातांची मदत द्या आणि यादीत तुमच्या नावापुढे जे लिहिलंय ते नीट वाचून न विसरता घेऊन या. आमच्याकडे या वर्षी पापड साताऱ्याच्या पाहुण्यांकडे होते. ते अजून साताऱ्यातच आहेत.