आराखडासाहेब, आपले उपकार कसे फेडावेत?

प्रति,
श्रीमान रंगीत आराखडासाहेब,
मुक्काम : जुनी मंडई पाडून व्यापारी संकुल उभारायचे असेल त्या प्रत्येक गावचा फलक



आपली कीर्ती आमच्या राहाता या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. काचेची भिंत, सरकता जिना, तळघरात वाहनतळ, दारात लांबलचक मोटारी. चित्रात सगळे आहे, फक्त कोथिंबिरीची जुडी तेवढी नाही. भाजीशिवाय मंडई रेखाटणाऱ्या आपल्या प्रतिभेला साष्टांग नमस्कार.

आपण गाळ्यांचा लिलाव काढता, अनामत लाखांत ठेवता, त्याबद्दल विशेष आभार. मेथी-शेपू घेऊन बसणाऱ्या मावशींना मग अर्ज भरण्याचाही त्रास उरत नाही.

आमच्या राहात्याच्या पेरूला मात्र आपणच चार शब्द सांगावेत. सकाळी तोडलेला पिकला पेरू फार वेळ थांबत नाही, आणि गिऱ्हाईक पिशवी घेऊन जिना चढत नाही. त्याने आपल्या दुसऱ्या मजल्याच्या सोयीने पिकावे, अशी आज्ञा व्हावी.

नगरला चितळे रस्त्यावरचे नेहरू मार्केट पडले आणि भाजीवाले रस्त्यावरच बसत राहिले. आधी पाडायचे आणि बसणाऱ्यांचे काय ते नंतर बघायचे, हा आपला क्रम आम्ही तिथे डोळे भरून पाहिला.

आपल्याला जुन्याचा तिटकारा आहे, तरी पुण्याच्या मंडईचे नाव घेण्याची परवानगी असावी. 1886 मध्ये ती रे मार्केट म्हणून उघडली. तिच्यावर एवढा पैसा घालण्याऐवजी तो शिक्षणावर खर्चावा, असे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी बजावले होते. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचे नाव लागले. तिच्या वरच्या मजल्यावर एके काळी नगरपालिकेचे कार्यालय होते. खाली भाजीचे गाळे, वर कारभारी. छप्पर गळले तर आधी साहेबांच्या टेबलावर गळणार! संकुलात कार्यालये काढायचीच असतील तर आधी बाजार विभागाचे काढा. तिथल्या खुर्चीवरून मंडई दिसली पाहिजे.

मुंबईचे क्रॉफर्ड मार्केटही असेच जुने. विल्यम इमर्सनने रेखाटलेली ती इमारत 1869 मध्ये उभी राहिली. उजेड आणि वारा वरून खेळावा अशी तिची रचना, म्हणून दीडशे वर्षांनंतरही ती कामाची आहे. महापालिकेने तिची मूळ वास्तू राखून डागडुजी केली. एवढे जुने दगड सांभाळता येतात, तर तालुक्याच्या गावचे पत्र्याचे छप्पर का नाही? नवे पत्रे, उताराची गटारे, धुता येणारे ओटे, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, रात्री दिवे. काम आपण एका वेळी निम्म्या बाजूचे घ्या. उरलेल्या निम्म्या बाजूला बाजार चालू राहू द्या. पण यात उद्घाटनाची कोनशिला फार लहान होते, ही आपली अडचण आम्हाला कळते.

2014 चा पथविक्रेता कायदा आपण वाचला नाही, हे आपल्या सौजन्याचेच लक्षण. त्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या आहेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रियांच्या. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक, म्हणजे आपोआप भरत आलेला, बाजार वारसा बाजार मानावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्यात आहे. आपल्या काचेच्या भिंतीत या कलमांसाठी एखादी खिडकी ठेवावी.

आता हात जोडून विनंती. गाव जिवंत राहते ते बाजारात, आणि बाजार जिवंत राहतो तो रोज पहाटे माल घेऊन येणाऱ्या माणसांवर. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला, धुळीत, ट्रकच्या चाकांपासून हातभर अंतरावर त्यांनी बसावे असे मला कधीही वाटत नाही. त्यांच्या डोक्यावर चांगले छप्पर यावे म्हणूनच आपल्याशी एवढे बोललो.

तेव्हा राहात्यात येण्याआधी एक यादी घेऊन या : आज कोण कुठे बसते, काम चालू असताना ते कुठे बसणार आणि संपल्यावर कोणत्या ओट्यावर, किती भाड्याने. प्रत्येक नावापुढे त्या माणसाची सही किंवा अंगठा हवा. ती यादी बाजारातच मोठ्याने वाचली जावी. त्यानंतर आपला फलक लावायला खांब मी स्वतः धरीन.

आपला कृपाभिलाषी,
राहात्याच्या बाजाराचे एक गिऱ्हाईक