ए, ॲन, द आणि अमीरपेट: होतकरूंसाठी मार्गदर्शिका

नांदेड, परभणी, हिंगोलीकडून बारावी होऊन हैदराबादला 'सेंट्रल युनिव्हर्सिटीची एंट्रन्स काढायला' निघालेल्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी ती वाचू नये, उगाच गोंधळ होईल. परीक्षेचं इंग्रजी ही एक स्वतंत्र भाषा आहे. ती कुणी बोलत नाही, तिच्यात कुणी प्रेमपत्रं लिहीत नाही. ती फक्त चार पर्यायांत आढळते.

पहिल्यांदा अजिंठा किंवा देवगिरी, जी मिळेल ती गाडी पकडा. हैदराबादेत उतरलात की काका शोधा. काचीगुडा, बडी चावडी किंवा सुलतान बाजारात एखादा काका नाही असं मराठवाड्यातलं घर विरळाच, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण सगळे याच राज्यात होतो. काका चहा देतील आणि चहाबरोबर इतिहासही देतील. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं तेव्हा माध्यम उर्दू होतं. डॉक्टरकीसुद्धा उर्दूतून शिकवत आणि त्यासाठी पुस्तकं उर्दूत आणायला निजामाने एक अख्खं भाषांतर खातं पोसलं होतं. मात्र इंग्रजी हा विषय तेव्हाही सक्तीचा होता. "आमच्या वडलांना उर्दूतून इतिहास अन् इंग्रजीतून त्रास," असं काका म्हणतील. तेव्हा हसा. आठ-पंधरा दिवस त्यांच्याकडेच राहायचंय.

दुसरं काम क्लास लावण्याचं. त्यासाठी अमीरपेटला जा. मैत्रीवनमच्या आसपास आकाश दिसत नाही, फ्लेक्स दिसतात. तीस दिवसांत इंग्रजी, वीस दिवसांत इंग्रजी, आणि आतल्या गल्लीत, जिथे भाडं कमी, तिथे पंधराच दिवसांत. एकच हसरा टॉपर दोन-तीन बोर्डांवर दिसला तर दचकू नका, पोरगं मेहनती असेल. जाता जाता एक गंमत सांगतो. इंग्रजी कसं शिकवावं हे देशभरच्या मास्तरांना शिकवण्यासाठी १९५८ साली सरकारने याच शहरात एक संस्था काढली. वि. कृ. गोकाकांसारखा कन्नड कवी तिचा संचालक होता, आणि २००७ पासून ही संस्था केंद्रीय विद्यापीठ आहे. ती तार्नाक्याला, उस्मानियाच्या शेजारी. अमीरपेटहून मेट्रोची निळी लाइन थेट तिथे नेते, गाडीही बदलावी लागत नाही. पण इंग्रजीसाठी गर्दी उतरते ती अमीरपेटलाच.

पुस्तकं कोठीला घ्या. वुमन्स कॉलेजच्या भिंतीकडेने जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. हे कॉलेज म्हणजे पूर्वीची ब्रिटिश रेसिडेन्सी, तेव्हा व्याकरणाला याहून योग्य जागा नाही. रेन अँड मार्टिन मागा. यातले पी. सी. रेन म्हणजे सहाराच्या वाळवंटातल्या फ्रेंच फौजेवर १९२४ साली 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरी लिहिणारे तेच गृहस्थ. हे कळलं की त्यांच्या व्याकरणात पानोपानी कवायत का आहे याचा उलगडा होतो. पुस्तक सेकंडहँडच घ्या. आधीच्या मालकाने पहिली चाळीस पानं पेन्सिलीने खरडलेली असतात आणि पुढची कोरी करकरीत असतात. त्यावरून तुमचा अभ्यास कुठवर जाईल याचा अंदाज येतो.

आता व्याकरण. इथे जरा थांबू, कारण मराठी माणूस नेमका कुठे आपटतो हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही. तिथले सर तेलुगू मुलं जिथे आपटतात ती जागा दाखवतात. आपली जागा वेगळी. समजा प्रश्न आला, 'ही हॅज बीन लिव्हिंग हिअर ___ फाइव्ह इयर्स', आणि पर्याय आहेत सिन्स, फॉर, फ्रॉम, बाय. तुमच्या डोक्यात आपसूक वाक्य तयार होतं, 'तो पाच वर्षांपासून इथे राहतोय'. 'पासून' दिसलं की हात 'सिन्स'वर जातो आणि गुण जातो. तिथे 'फॉर' हवं, कारण पाच वर्षं हा कालावधी आहे. 'सिन्स'ला सुरुवातीचा क्षण लागतो, २०१९ किंवा सोमवार असा. मराठीत दोन्हीकडे 'पासून' चालून जातं. तसंच लग्नाचं. आपल्याकडे लग्न कुणा'शी' होतं, म्हणून आपण 'मॅरीड विथ' लिहितो, इंग्रजांचं 'टू' होतं. आपण एखाद्या गोष्टी'वर' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' किंवा 'ऑन' लावतो. ते बिचारं एकटंच असतं. चूक इंग्रजीतली नसते, मराठी पक्कं असल्याची ती खूण असते. परीक्षकाला हे माहीत असतं, म्हणून 'सिन्स' हा पर्याय हमखास दिलेला असतो. तेव्हा आधी उत्तर शोधू नका, पर्यायांतला मराठी माणूस शोधा आणि त्याला खोडा.

ए, ॲन, द यांबद्दल एवढंच सांगतो की आपल्या भाषेत ही भानगडच नाही. सूर्याला आपण सूर्य म्हणतो आणि तो उगवतो. काळ शिकताना काकांची मदत घेऊ नका. हैदराबादेत 'परसों' म्हणजे परवा, आणि दहा वर्षांपूर्वीसुद्धा.

शब्दसंग्रहाचा उपाय प्रत्येकाकडे एकच असतो, रोज वीस शब्द पाठ. यादी ए पासून सुरू होते आणि बी लागायच्या आत विद्यार्थ्याला ताप येतो. त्यामुळे 'ॲब्डिकेट', 'ॲबेट', 'ॲब्झॉल्व्ह' हे शब्द मराठवाड्यातल्या पोरांना ऑक्सफर्डच्या पोरांपेक्षा चांगले येतात. नॉर्मन लुइस यांचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' (१९४९) सुद्धा तसंच. सुरुवातीलाच माणसांचे स्वभाव, मग डॉक्टरांच्या जाती. पोराला पायाच्या डॉक्टरला काय म्हणतात ते येतं, पण उताऱ्यात 'ऑल्दो' आलं की वाक्य कुठे वळलं ते कळत नाही. आणि परीक्षेत ज्याच्यावर सगळं अवलंबून असतं तो उताराच. माहितीचा, गोष्टीचा किंवा साहित्यातला.

सगळे सर सांगतात 'हिंदू'चा अग्रलेख वाचा. तुम्ही वाचू नका. ज्या विषयाचं मराठीतही काही कळत नाही, तो इंग्रजीत वाचून फक्त पिवळा मार्कर संपतो. शेवटून दुसरं पान उघडा आणि काल रात्री पाहिलेल्या मॅचची बातमी वाचा. तीन बाद बारा झाले होते हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून 'कोलॅप्स' म्हणजे काय हे यादीशिवाय कळतं. 'डिस्पाइट' आलं की शतक ठोकूनही संघ हरला हे तुम्ही आधीच जाणता, तेव्हा तो शब्द कुठली कामगिरी करतो ते दिसतं. या पूर्ण मार्गदर्शिकेत गंभीरपणे घ्यावं असं हे एवढंच.

उरला हिशोब. सीयूईटी, म्हणजे तुम्ही काढायला निघालात तीच एंट्रन्स, २०२२ पासून आहे, आणि गच्चीबावलीचं हैदराबाद विद्यापीठ (स्थापना १९७४) बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सला तिचे गुण धरतं. २०२५ पासून एका विषयाला ५० प्रश्न, सगळे सक्तीचे, वेळ ६० मिनिटं. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं तर एक वजा. निगेटिव्ह मार्किंगच्या धाकाने पोरं प्रश्न सोडून देतात. बारावीचं गणित इथे वापरा. डोळे मिटून खूण केली तरी सरासरी प्रत्येक प्रश्नाला अर्धा गुण पदरात पडतो, म्हणजे २५० पैकी २५, तेही इंग्रजीचं एक अक्षर न वाचता. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर प्रश्नामागे एक गुण, दोन खोडता आले तर दोन. वर सांगितलेला 'सिन्स' खोडायला शिकण्याची किंमत अशी रोख आहे. क्लासची फी याच हिशोबावर वसूल होते, पण हा हिशोब फ्लेक्सवर छापत नाहीत.

परीक्षेआधी आठ दिवस घरून रोज फोन येईल. बाबा विचारतील, "इंग्रजी झालं का?" झालं म्हणून सांगा. इंटरला नापास झालेले नरहर कुरुंदकर पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले हे काका तुम्हाला ऐकवतील, पण हे वाक्य निकालाच्या आधी बाबांसमोर काढू नये.

आणि शेवटचं, जे खरं तर पहिलं असायला हवं होतं. सीयूईटीत भाषेचा पेपर तेरा भाषांत देता येतो आणि त्या तेरात मराठी आहे. तुम्हाला हव्या त्या कोर्सला कुठली भाषा लागते हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. कुठे इंग्रजीच हवं असतं, कुठे यादीतली कुठलीही चालते. अमीरपेटला पैसे भरायच्या आधी हे तपासून घ्या.