रेंज आकाशगंगेपर्यंत, शाळा कव्हरेजबाहेर

जुन्नर तालुक्याला दळणवळणाचं नवल नाही. सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटातून जगाचा माल चढ-उतार करत आला. गेल्या शतकात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आर्वीला उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. मग खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आल्या. २०२३ मध्ये तर त्यांनी ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची कुजबुज टिपल्याचं जाहीर झालं. पृथ्वी जन्मायच्या आधी निघालेला संदेश नारायणगावापर्यंत विनातक्रार पोचला. तिथून पुढे आंबे-हातवीजकडे मात्र साधा ‘ओटीपी’ही सरकत नाही. डोंगर आडवे येतात म्हणे.

त्या बाजूची एक झेडपीची शाळा घ्या. नाव नको. नाव छापलं तर गुरुजींना नोटीस निघेल, ती व्हॉट्सॲपवर निघेल, आणि ती वाचायलाही त्यांना कातळावर चढावं लागेल.

शाळा डिजिटल आहे. भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं तसं लिहिलेलंच आहे. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चं वारं सुटलं, लोकसहभागाची हाक आली आणि गावानं हिरडा विकून वर्गणी काढली. टीव्ही आला, नारळ फुटला, फोटो निघाला. टीव्हीच्या कडेचं पारदर्शक प्लास्टिक अजून कुणी सोललेलं नाही. कोपऱ्यात लावलेलं कुंकवाचं बोट वाळून काळं पडलंय. पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल धरतात, म्हणून टीव्हीला मेणकापडात गुंडाळून ठेवतात. उरलेले महिने तो गुंडाळलेलाच बरा, कारण इन्व्हर्टरची बॅटरी केव्हाच बसलीय.

बॅटरी का बदलत नाही? पैशांचं गणित फार सरळ आहे. समग्र शिक्षा अभियानाचं शाळा अनुदान पटावर ठरतं: तीसपर्यंत मुलं असतील तर वर्षाला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार. त्यातच खडू, झाडू, वीजबिल आणि दुरुस्ती. आता वाडी जितकी उंचावर तितकी मुलं कमी, आणि मुलं कमी तितके पैसे कमी. दुरुस्तीवाला मात्र पट विचारून बिल लावत नाही, उलट घाट चढल्याचे वेगळे घेतो. समता म्हणतात ती हीच असावी.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यानं मनाला लावून घेऊ नये, तिकडेही कमी नाही. २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी घोषणा झाली. आहुपे खोऱ्यात घोषणेचा पूर्वार्ध शंभर टक्के अमलात आला. उत्तरार्धासाठी फोन लागणार होता, आणि घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात बसून नारायणगावला टोमॅटो तोडायला गेला होता.

एक कबूल करायला हवं, खालून वर माहिती नेणारी यंत्रणा एकदम भक्कम आहे. यू-डायस, सरल, अपार आयडी, शिवाय आज खिचडी किती ताटांत पडली त्याचा रोजचा आकडा. शाळेमागच्या कातळावर गुरुजी फोन उंच धरून उभे राहतात. खालून तिसरीतली पोरगी ओरडते, “गुरुजी, डाव्या अंगाला सरका, तिथं दोन काड्या येतात!” तिला पाढे अडतात, पण टॉवरची दिशा चुकत नाही. यू-डायसच्या रकान्यात एक प्रश्न असतो: शाळेत इंटरनेट आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर तेही ऑनलाइनच भरायचं.

खरं तर बीटाला एक दुरुस्तीवाला पोरगा, एक मोटारसायकल आणि धडे भरलेले पेनड्राइव्ह एवढ्यात निम्मं काम होईल. पण मोटारसायकलची फीत कुठून कापायची? आणि पेनड्राइव्हच्या फोटोत मान्यवर मावणार कसे?

त्यामुळे शिक्षकांसाठी प्रशिक्षण ठेवलं जातं. विषय: कृत्रिम बुद्धिमत्ता. माध्यम: ऑनलाइन. हजेरीची लिंक अकराला उघडणार, साडेअकराला बंद. त्या अर्ध्या तासात एक गुरुजी कातळावर असतात. शाळा द्विशिक्षकी आहे, पण दुसरे गुरुजी केंद्रावरच्या बैठकीला गेलेत. डिजिटल साधनांचा वर्गात प्रभावी वापर कसा करावा, यावर तिथे चर्चा आहे. वर्ग तेवढा वेळ चौथीतला मॉनिटर सांभाळतो, खडू आणि फळा घेऊन.