दादाचा मुखत्यार

दादा न्यू जर्सीत स्थायिक झाला आणि पुण्यातल्या त्याच्या फ्लॅटचा मी कुलमुखत्यार झालो. शब्द ऐकून डोक्यावर फेटा असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात टाकी गळते का हे बघायला गच्चीवर चढायचं काम.

कागद मात्र भारदस्त. तिकडे नोटरीपुढे सही, वर अपोस्टिल. अपोस्टिलचा आंतरराष्ट्रीय करार २००५ साली भारतात लागू झाला, म्हणून दादाचे वकिलातीतले हेलपाटे वाचले. मग कुरियर, आणि कागद महाराष्ट्रात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क. आतला मजकूर तर विचारू नका! घर भाड्यानं द्यावं, दावे लावावेत, तडजोडी कराव्यात. आणि मी जे जे करीन ते ते दादानं स्वतः केलं असं समजावं. म्हणजे पार्किंगवरून सोसायटीच्या सेक्रेटरींशी माझी जी जुंपली, ते भांडण कायद्यानं दादाचं. मी फक्त आवाज पुरवला.

दावा सुप्रीम कोर्टापर्यंत नेऊ शकणाऱ्या या माणसाला हॉलचा रंग मात्र ठरवता येत नाही. शेड कार्ड व्हॉट्सॲपवर जातं. वहिनी 'मोतिया' की 'हस्तिदंती' यावर विचार करतात, आणि तोवर रंगारी जिन्यात बसून माझ्या हजेरीत, दादाच्या पैशानं, तंबाखू मळतो. न्हाणीघरातली तोटी बदलायची तरी आधी फोटो.

परवा भाडेकरार नोंदवायचा होता. तो नोंदवणं १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं घरमालकावरच टाकलंय. म्हणजे अर्थातच माझ्यावर. दुय्यम निबंधक कार्यालयात एक घोषणापत्र पुढे आलं. मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, लिहून देणारा मयत झालेला नाही. खोटं ठरल्यास नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली शिक्षेस पात्र. माणूस गेला की त्याचं मुखत्यारपत्रही जातं, हे ठाऊक होतं. पण दादाच्या हयातीची हमी मी कशाच्या जोरावर द्यायची? त्याचा शेवटचा निरोप म्हणजे आदल्या दिवशी पुढे ढकललेला सुप्रभात.

इथे भर दुपार, तिथे मध्यरात्र उलटलेली. तरी फोन लावला.

"दादा, आहेस ना रे?"

"कोण बोलतंय?"

"कायद्यानं म्हणशील तर तूच."

पलीकडून वहिनींचा झोपाळू आवाज आला, "भावोजी असतील तर गीझरच्या बिलाचा फोटो मागून घ्या."

मी निर्धास्त सही ठोकली.